पोल

हर्षलानं नाशिकहून पार्सल पाठवलं.
शहाद्याच्या घरी ओट्यावर बसून मी ते पकडीनं उघडलं.
कात्री सापडत नव्हती.
पकड रिटायर झाल्यावरही खिशातच असते.

आत काळ्या नळ्यांच्या दोन जुड्या.
बायको म्हणाली, "हाई काय शे? लाटणं?"
एक झटका दिला तर
तुकडे खटाखट एकात एक बसले,
वरचं बटण टिक् करून बाहेर आलं
आणि लाटण्याची कमरेएवढी काठी झाली.
वजन पावशेर.
खोक्यावर लिहिलेलं: ट्रेकिंग पोल.

पोल!
बत्तीस वर्षं लाइनमन होतो मी.
पोल म्हणजे चार माणसं पुढे, चार मागे,
मधे लोखंड,
आणि कोणीतरी "हो हो हो" करत
ठेच लागण्याआधी दगड सांगणारा.
तो मी.
गुडघे त्याच वाटेवर ठेवून आलो.

सुटा करून पाहिला.
आत तार होती, बारीक, प्लॅस्टिक चढवलेली.
आमच्या पोलांची तार डोक्यावरून जायची,
याची पोटातून गेलेली.
ही तुटली की पोल संपला.
आमचं उलटं: तार तुटायची,
पोल पंधरवडाभर नुसता उभा,
आणि शिव्या मला.

फाल्गुनात एका मंगळवारी धडगावची गाडी धरली.
पूर्वी शिडी घेऊन चढलो की
कंडक्टर लगेजचं तिकीट फाडायचा.
आज दोन पोल पिशवीत, केळ्यांच्या खाली,
आणि त्याला पत्ता नाही.

फाट्यावर सायसिंग पावरा, हातात घरची बांबूची काठी.
मला साहेब म्हणणारा जगात तेवढा एकच.
चढ सुरू झाला.
माझे पोल खडकावर टक टक,
त्याची काठी मातीत मुकी.
महूची फुलं वेचायला निघालेल्या बायका थांबल्या,
माझ्या चार पायांकडे पाहून
तोंडाला पदर लावून पुढे गेल्या.

आठव्या वळणावर बसलो.
सायसिंगनं एक पोल मागितला.
घडी केली, उघडली,
परत घडी, परत उघडली,
बटण दाबून कान लावून ऐकलं.
मग सदरा खांद्यावरून खाली ओढला.
उजव्या खांद्यावर वाटीएवढा खड्डा,
त्यात पाणी ठेवलं तर चिमणी पिऊन जाईल.
"त्या टायमाला असे घडीचे राहते ना साहेब,
तर हा पडताच ना."
आणि हसला, दगडावर हात आपटून.

मीही हसलो, थोडं कमी.
एक्केचाळीस पोल नेले होते आम्ही या वाटेनं.
मस्टर माझ्याकडे असायचं.
त्याचे दोन खाडे चुकून लागलेले,
मी वर लिहून दिलं होतं, वरचं वरच राहिलं.
सांगावं असं वाटलं.
तो तोवर चिंचेखाली जाऊन
पोल पूर्ण लांब करून चिंचा पाडत होता.
बांबूपेक्षा बरा, म्हणाला, हात भरून येत नाही.

एक्केचाळीस नंबर उभा आहे.
तारा कधीच्या उतरल्या, पाड्यावर आता सौर प्लेटी.
पोलावर दुधीचा वेल चढलाय, माझ्यापेक्षा सफाईनं.
बुंध्याला एक बकरी.
आकडा मीच रंगवला होता:
चार शाबूत, एक पुसला गेलाय.
तळव्यानं लोखंड ठोकून पाहिलं.
अजून वाजतं.

उतरताना गुडघ्यांनी जुनी नावं घेतली.
रात्री घरी पिशवी रिकामी केली,
चिंचा निघाल्या, केळीचं साल निघालं.
"एकच? दुसरा पोल?"
म्हटलं, उभा करून आलो.
"कुठं?"
चिंचेपाशी.
तिनं कपाळावर हात मारला, चिंचा मात्र
मीठ लावून बरणीत भरल्या.